पाषाण वाचणारे गुरुजी : रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

हल्ली मुलांच्या हाती जी रंगीत चित्रांची पुस्तके पडतात, त्यांत डायनासोर नामक प्राचीन महासरटांचे एखादे चित्र नाही असे पुस्तक विरळाच. त्यांतही मुलांचे मन झाडपाला खाणाऱ्या शांत प्राण्यांपेक्षा, करवतीसारखे दात असलेल्या व मागच्या दोन पायांवर धावणाऱ्या हिंस्र प्राण्यांकडे अधिक ओढ घेते. ह्या चित्रांकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे एक मौज ध्यानात येते. एका चित्रकाराने अशा प्राण्यास मगरीची खडबडीत कातडी दिलेली असते, दुसऱ्याने सरड्याचे बारीक खवले, तर तिसऱ्याने चक्क पक्ष्याची पिसे! ज्या प्राण्यांचा मनुष्यजात जन्मास येण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे अंत झाला, त्यांची कातडी पाहिली कोणी?

हा प्रश्न पोरकट नव्हे. मोठमोठ्या पंडितांनी त्यावर डोके झिजविले आहे. प्राणी मेला म्हणजे प्रथम त्याचे मांस व कातडे कुजते आणि उरलेसुरले पशुपक्षी व किडे संपवितात. हाडे व दात तेवढे कठीण, म्हणून ते कधीकधी मातीखाली टिकतात आणि कालांतराने त्यांचा दगड बनतो. कातडीच्या नशिबी हा योग क्वचितच येतो. नदीच्या अथवा तळ्याच्या काठी कलेवर पडावे, ते कुजण्यापूर्वीच बारीक गाळाखाली झाकले जावे, ओल्या मेणावर मोहोर उमटावी त्याप्रमाणे त्या गाळावर कातडीचा ठसा उमटावा, आणि पुढे त्या गाळाचाच दगड व्हावा, इतक्या गोष्टी जुळून आल्या तरच ती आपल्या दृष्टीस पडते. मग अशा लहानशा ठशावरून संपूर्ण प्राण्याचे बाह्यरूप ठरवावयाचे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. मात्र शीत त्याच भांड्यातले आहे ना, ही खात्री आधी करून घ्यावी लागते. नाहीतर सारी परीक्षा फसते.

दगडातील असे शीत हुडकणे, ते कोठे व कोणत्या थरात सापडले हे टिपून ठेवणे, आणि त्यावरून सावधपणे अनुमान करणे ही विद्या आपल्या महाराष्ट्राच्या भूमीत ज्यांनी आरंभी रुजविली, त्यांत नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. हे गृहस्थ पेशाने भूस्तरशास्त्रज्ञ नव्हते. धर्मोपदेशक व शाळामास्तर होते. कोणत्याही सरकारी खात्याने त्यांस दगड फोडावयास नेमले नव्हते. असे असता त्यांचे नाव आज प्राचीन प्राण्यांच्या नामावळीत कायमचे कोरले गेले आहे. ते कसे, हे आमच्या वाचकांस थोडक्यात निवेदन करावे असा ह्या लेखाचा हेतू आहे.

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडातील बेरिकशायर परगण्यात डन्स ह्या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. बालपणापासूनच त्यांस सृष्टिनिरीक्षणाचा नाद होता. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले व त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. चर्चच्या अंतर्गत कारभारात जमीनदारांचा व सरकारचा हात असावा की नसावा, ह्या मुद्द्यावर शेकडो धर्मोपदेशक आपली घरे व वेतने सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च नावाची स्वतंत्र संस्था काढली. तरुण हिस्लॉप ह्याच पक्षास मिळाले. १८४४ च्या अखेरीस ते पत्नीसह मुंबई बंदरी उतरण्यास निघाले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास पोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजी भोसले १८५३ साली निवर्तले व त्यानंतर १८५४ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. म्हणजे एक राजवट मावळून दुसरी उगवताना हिस्लॉप यांनी प्रत्यक्ष पाहिली.

नागपुरात त्यांनी १८४६ साली मुलांची शाळा काढली. तेथे त्यांनी मराठी आत्मसात केली. पुढे रानावनात राहणाऱ्या गोंड लोकांची भाषाही अभ्यासिली. वर्षाचे बरेचसे दिवस शाळेत जात. परंतु पावसाळा सरून हिवाळा लागला म्हणजे गावोगाव फिरतीवर जाण्याचा त्यांचा परिपाठ असे. कधी घोड्यावरून, कधी पायी, असा हा प्रवास चाले. रस्त्याने जाता जाता नाल्याच्या दरडी, विहिरींच्या खोदकामातून निघालेला मलमा, टेकडीच्या उतारावरचे खडक ह्यांकडे त्यांची नजर लागलेली असे. इतर प्रवासी ज्या दगडास ठेच लागली म्हणून शिव्या देत, तोच दगड हे गुरुजी वाकून उचलून घेत.

ह्या कामाचे मर्म कळण्यास आमच्या कोल्हापूरच्या मुलांनी आपल्याच भोवतालच्या डोंगरांकडे पाहावे. पन्हाळा, जोतिबा ह्यांचे कडे दुरून पाहिले तर पायऱ्या रचल्याप्रमाणे एकावर एक थर दिसतात. हा आपल्या नित्य परिचयाचा काळा फत्तर होय. ह्याच्याच चिऱ्यांनी आपले वाडे, घाट व देवळे बांधली गेली. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून वितळलेला लाव्हा वारंवार बाहेर पडला, पसरला आणि थिजला. त्याचे हे थर आहेत. पश्चिमेस सह्याद्रीपासून पूर्वेस नागपूरपर्यंत ही काळी चादर पसरलेली आहे. परंतु एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ जाई. तेवढ्या अवधीत त्या काळ्या भूमीवर तळी साठत, झाडे उगवत, गोगलगायी, मासे व कीटक नांदू लागत. मग पुन्हा लाव्हा येई आणि ते सारे तळे गाळासकट झाकून टाकी. दोन पोळ्यांच्या मध्ये पुरण राहावे, तसा हा गाळाचा पातळ थर दोन काळ्या थरांच्या मध्ये राहून जातो.

नागपूरच्या पश्चिमेस टाकळी म्हणून गाव होते. आता ते शहराच्या विस्तारात सामावले आहे. १८५० नंतरच्या काही वर्षांत तेथील असल्याच एका थरात हिस्लॉप व त्यांचे सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर ह्यांना शिलाभूत अवशेषांचे भांडार गवसले. गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, झाडांची फळे व बिया, लाकडाचे तुकडे, इतकेच नव्हे तर भुंग्यांच्या पंखांवरची नखाएवढी टणक झाकणेसुद्धा त्यांस मिळाली. हत्तीएवढे हाड दिसले तर कोणीही थांबून पाहील. भुंग्याच्या पंखाचे झाकण दगडात ओळखावयास मात्र डोळ्यांस निराळे वळण लागते. आम्हांस हिस्लॉप यांचे थोरपण येथेच प्रथम दिसते. हंटर ह्यांची प्रकृती बिघडल्यामुळे ते १८५५ साली मायदेशी परतले. परंतु त्याच वर्षी दोघा मित्रांचा नागपूरच्या परिसरातील भूस्तर व शिलाभूत अवशेष ह्यांवरचा विस्तृत निबंध लंडनच्या भूस्तरशास्त्रविषयक संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. युरोपातील विद्वानांची दृष्टी त्यामुळे नागपूरकडे वळली.

हिस्लॉप यांची एक रीत विशेष सांगण्याजोगी आहे. आपणांस ज्या विषयाचे पूर्ण ज्ञान नाही, त्याचा निर्णय ते त्या विषयाच्या जाणत्यावर सोपवीत. वनस्पतींचे अवशेष बनबरी ह्यांच्याकडे गेले. त्यांत कामठीजवळच्या दगडातील ग्लॉसोप्टेरिस नामक जिभेच्या आकाराची पाने होती. कीटकांचे अवशेष मरी ह्यांनी तपासले. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर मांगली नावाचे गाव आहे. तेथील एक चपटी कवटी लंडनला सर रिचर्ड ओवेन ह्यांच्या हाती पडली. डायनासोर हा शब्द ज्यांनी १८४२ साली प्रथम घडविला, ते हेच ओवेन. त्यांनी १८५५ साली त्या कवटीचे वर्णन करून तिच्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. हा प्राणी डायनासोर नव्हे. बेडकाच्या दूरच्या भाऊबंदांपैकी, पाण्यात व जमिनीवर वावरणारा आणि डायनासोरांहूनही पुरातन असा होता. आपल्या देशातील पाषाणात किती निरनिराळ्या युगांच्या कथा एकावर एक रचलेल्या आहेत, हे त्या एका कवटीने दाखवून दिले.

आणखी दक्षिणेस, प्राणहिता नदीच्या खोऱ्यात, मालेरी व कोटा ही गावे आहेत. सिरोंच्यापासून हा प्रदेश दूर नाही. मालेरीच्या तांबड्या मातीत मोठमोठ्या माशांचे जाड, कंगोरेदार दात सापडले. त्यांपैकी एका जातीस १८५९ साली ओल्डहॅम ह्यांनी हिस्लॉप यांचेच नाव दिले. कोट्याच्या चुनखडकात तर मासे खवल्यांसकट सापडतात. हे खवले आपल्या रोहू-कटल्याच्या खवल्यांसारखे पातळ व लवचीक नव्हेत. ते पतंगाच्या आकाराचे, जाड आणि मुलामा दिल्याप्रमाणे तकतकीत असतात. पुढे १९०८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथून मिळालेल्या खवल्यांवरून वुडवर्ड ह्यांनी गार नावाच्या माशाची एक जात ओळखली. हा मासा आज उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्यूबा बेटात आढळतो, आपल्या नद्यांत नाही. बोटाच्या पेराएवढ्या खवल्यावरून एवढी दूरची हकीकत कळावी, ह्यापेक्षा मोठा चमत्कार कोणता!

वरोड्याच्या उत्तरेस पिसदुरा म्हणून खेडे आहे. तेथील थरांकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधणाऱ्यांत हिस्लॉप यांची गणना होते. पुढे तेथील शेतांतून महाकाय डायनासोरांची हाडे निघाली व १८७९ साली लिडेकर ह्यांनी त्यांतील एका प्राण्याचे नामकरण केले. तेथे प्राण्यांची विष्ठाही दगड होऊन राहिली आहे. २००५ साली भारतीय व परदेशी अभ्यासकांनी त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. डायनासोरांच्या काळी गवत होते, ही गोष्ट त्यापूर्वी निश्चित झालेली नव्हती. टाकाऊत टाकाऊ वस्तूही नीट जपली व नीट पाहिली तर काय बोलू लागते, ह्याचा हा उत्तम दाखला होय.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण चरित्रनायकाचे केवळ गुणगान करण्यात अर्थ नाही. लाव्ह्याच्या थरांमधील गाळाचे वय ठरविताना हिस्लॉप यांचा तर्क चुकला. ते थर डायनासोरांच्या युगानंतरचे असावेत, असे त्यांनी १८६० सालच्या आपल्या निबंधात प्रतिपादिले होते. पुढील संशोधनाने लाव्ह्याचा मुख्य भाग डायनासोरांच्या अंतकाळाशी भिडलेला ठरला. मग त्यांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. कोणता शंख कोणत्या गावच्या कोणत्या थरातला, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले होते. म्हणून पुढच्या अभ्यासकांस त्यांचे मत बाजूस ठेवून त्यांच्याच नोंदींवरून पुढे जाता आले. मत हे मनुष्याचे असते व ते चुकू शकते. नोंद जर खरी असेल, तर ती मत चुकल्यावरही उपयोगी पडते. शाळेत प्रयोगवही लिहिताना उत्तराकडे डोळा ठेवून आकडे बदलणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

हिस्लॉप यांचे औत्सुक्य केवळ मृत प्राण्यांपुरते नव्हते. गोंड लोकांच्या चालीरीती, त्यांचे शब्द, त्यांच्या तोंडची लांबलचक गीते त्यांनी परिश्रमपूर्वक लिहून घेतली. ज्या लोकांस तत्कालीन शिकलेला समाज रानटी म्हणून दूर लोटीत होता, त्यांच्यापाशी बसून त्यांचे बोलणे अक्षरशः टिपून घेणे ह्यासही तीच वृत्ती लागते. शंखाचे वेटोळे मोजताना जी चिकाटी, तीच गोंडांच्या लिंगो नामक पूर्वजाची कथा उतरून घेताना त्यांनी दाखविली.

हे काम भरात असताच त्यांच्यावर काळाने झडप घातली. १८६३ च्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल ह्यांच्यासमवेत ते नागपूरच्या दक्षिणेकडील टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे रचून तेथे पुरातन लोकांनी आपले मृत पुरले होते. पाहणी आटोपून मंडळी बोरी येथील तळाकडे परतली. हिस्लॉप मागाहून निघाले. पावसाने वाटेतील ओढा फुगला होता. तो पार करीत असता ४ सप्टेंबर रोजी ते त्यात बुडून मरण पावले. चारच दिवसांनी त्यांस ४६ वे वर्ष पुरे व्हावयाचे होते. ज्यांनी आपले अर्धे आयुष्य प्राचीन जलप्रवाहांनी सोडलेला गाळ वाचण्यात घालविले, त्यांचा अंत एका सामान्य ओढ्याने करावा, ह्यास दैवगती म्हणावे नाहीतर काय!

परंतु कागद बुडाले नाहीत. मध्य हिंदुस्थानात सापडलेल्या सरीसृपांच्या दातांविषयी व हाडांविषयी त्यांचा एक छोटा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८६४ साली प्रसिद्ध झाला. गोंडांविषयीची त्यांची टिपणे टेंपल ह्यांनी संपादून १८६६ साली छापविली. टाकळघाट येथे सुमारे शंभर वर्षांनी, १९६८-६९ साली, नागपूर विद्यापीठातर्फे पद्धतशीर उत्खनन झाले. गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म जीवकुळास कार्टर ह्यांनी १८५८ सालीच हिस्लोपिया हे नाव दिले होते. नागपूरजवळच्या एका हिरवट खनिजास हिस्लोपाइट म्हणू लागले. मालेरीच्या, मगरीप्रमाणे दिसणाऱ्या व अंगावर अस्थींची ढालपटे वागविणाऱ्या एका प्राचीन शिकारी सरटास १८८५ साली पॅरासुकस हिस्लोपी असे नाव मिळाले. १८८३ साली नागपुरात निघालेले हिस्लॉप कॉलेज तर सर्वश्रुतच आहे.

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. हिंस्र डायनासोरांच्या अंगावर काय होते? आपल्या देशात ह्या प्रश्नाची जी वाटचाल झाली, ती हिस्लॉप यांच्या रीतीचे महत्त्व उत्तम पटविते. जबलपूरजवळ बारा सिमला नावाची टेकडी आहे. १८२८ साली ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेले स्लीमन ह्यांना जबलपूर येथे डायनासोरांची हाडे सापडली. आशिया खंडात मिळालेली ही अशी पहिलीच हाडे होत. पुढे १९१७ नंतर ह्याच टेकडीवर मॅटली ह्यांनी खोदकाम करविले. तेथे एका प्राण्याच्या कमरेची व पायाची हाडे आणि जवळच अस्थींच्या पुष्कळ ढालपट्या मिळाल्या. दोन्ही एकत्र सापडली, तेव्हा दोन्ही एकाच प्राण्याची, असे धरून मॅटली ह्यांनी १९२३ साली लॅमेटासोरस नामक चिलखती डायनासोर जगापुढे मांडला.

वाघाचे कातडे पांघरून शेतात चरणाऱ्या गाढवाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. येथे प्रकार नेमका उलटा झाला. हाडे हिंस्र, मांसभक्षक प्राण्याची होती आणि त्याच्या पाठीवर नजरचुकीने दुसऱ्याच कोणाचे तरी चिलखत चढविले गेले! १९३५ साली चक्रवर्ती ह्या भारतीय अभ्यासकाने, हा प्राणी खरोखरच चिलखती होता काय, असा रोखठोक प्रश्न उपस्थित केला. आणि पुढील विद्वानांनीही ही हाडे व ढालपट्या भिन्न प्राण्यांच्या होत, असाच निर्वाळा दिला. मॅटली हे कोणी लबाड नव्हते. ते परिश्रमी व विद्वान होते आणि जबलपूरच्या त्या हिंस्र प्राण्यांविषयी आपणांस जे ज्ञान आहे, त्यातील फार मोठा वाटा त्यांचाच आहे. परंतु जवळजवळ पडलेल्या दोन वस्तू एकाच धन्याच्या असतात, असा सृष्टीचा नियम नाही. नदीचा पूर शंभर ठिकाणचे अवशेष एका खड्ड्यात आणून टाकतो.

मग ह्या प्राण्यांची खरी कातडी कशी होती? तिचा सुगावा आपल्यापासून समुद्रापलीकडे लागला. १९८४ साली दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना देशात बोनापार्ते ह्यांच्या मंडळीला कार्नोटोरस नामक शिंगाळ्या हिंस्र डायनासोराचा सांगाडा मिळाला, आणि त्याच्यासमवेत, सांगाड्यास लागूनच, कातडीचे ठसेही मिळाले. त्यांवरून असे दिसले की, त्याचे खवले माशाच्या खवल्यांप्रमाणे अथवा घरावरील कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले नव्हते. फरसबंदीतील दगडांप्रमाणे ते शेजारी-शेजारी बसविलेले होते. मध्ये मध्ये टेंगळांसारखे मोठे खवले होते. पूर्वी काही चित्रकार ते ओळीने काढीत. पण २०२१ साली ठशांची पुन्हा बारकाईने तपासणी झाली, तेव्हा ते रांगेत नसून विखुरलेले असल्याचे दिसून आले. ह्या प्राण्याच्याच घराण्यातील राजासोरस नावाचा हिंस्र डायनासोर आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेतील राहिओली येथे सापडला असून २००३ साली त्याचे नामकरण झाले. प्राचीन काळी हिंदुस्थान व दक्षिण अमेरिका एकाच महाखंडाचे भाग होते, म्हणून हे नाते. तेव्हा राजासोरसाचे चित्र काढताना चित्रकार त्यास त्याच्या अर्जेंटिनातील भाऊबंदाची कातडी देतात. ती उसनी आहे खरी, परंतु निदान घरातली आहे.

सर्व हिंस्र डायनासोरांचा वेष मात्र एकच नव्हता. टायरॅनोसोरस ह्या सुप्रसिद्ध प्राण्याच्या कातडीचे काही तुकडे २०१७ साली वर्णिले गेले. त्यांवर अगदी बारीक, मण्यांसारखे खवले आहेत. उलट त्याचाच एक नातलग, चीन देशातील युटिरॅनस, २०१२ साली प्रसिद्धीस आला, तेव्हा त्याच्या अंगावर लांब, तंतूंसारखी पिसे असल्याचे दिसले. म्हणजे मुलांच्या पुस्तकांतील ते निरनिराळे चित्रकार सारेच चुकत नव्हते. खवले कोणाचे व पिसे कोणाची, हे प्रत्येक प्राण्याबाबत स्वतंत्र पुराव्यानेच ठरवावे लागते. एकाचे कातडे दुसऱ्यास चढवून चालत नाही.

हिस्लॉप यांनी कोणत्याही हिंस्र डायनासोराची कातडी पाहिली नाही, आणि त्यांचा तसा दावाही नव्हता. परंतु ज्या विद्येने ह्या गोष्टी आज कळतात, तिचा पहिला धडा त्यांच्या चरित्रात आहे : लहान वस्तू तुच्छ मानू नये, ती जेथे सापडली ते ठिकाण तिच्यापासून तोडू नये, आणि आपले अनुमान व आपण प्रत्यक्ष पाहिलेली वस्तू ही दोन्ही एक आहेत असे कधीही समजू नये. पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा सहलीहून परतताना खिशात दगड भरून आणतो, म्हणून त्यास रागे भरू नये. दगड कोठला, कोणत्या दिवशी व कशा जागी मिळाला, एवढे मात्र त्याच्याकडून एका चिठ्ठीवर अवश्य लिहवून घ्यावे. एखादे हाड किंवा ठसा खडकात रुतलेला दिसला, तर तो उपटून न आणता जागचा जागी ठेवून जाणत्यांस कळवावे, हेही त्यास शिकवावे. तो पुढे हिस्लॉप होईल की न होईल, हे कोणी सांगावे? पण जे पाहिले तेवढेच लिहिण्याची सवय त्यास लागली, तर कोणत्याही धंद्यात ती त्यास उपयोगी पडेल, ह्याविषयी आम्हांस शंका नाही.